चौथी बाजू

मंगळवार. भातकापणी आटोपली आणि पडवीचं काम अखेर निघालं. चिऱ्यांची गाडी परवाच खळ्यात रिकामी झाली. गवंडी उद्या येणार, तर आखणी आपणच करून ठेवू, अशी हुशारी मला संध्याकाळी सुचली. देवगडात वीस वर्षं आंबा पेट्यांत भरण्यापलीकडे मी काही मोजलेलं नाही, हे तेव्हा आठवलं नाही.

घराच्या भिंतीलगत बारा फूट. दोन्ही टोकांकडून बाहेर नऊ-नऊ फूट सुतळी, काटकोन डोळ्यांच्या अंदाजाने. मग कर्ण मोजले. दोन्ही चौदा फूट साडेनऊ इंच! फक्की मारून मोकळा झालो.

पुतणी सुट्टीत आली आहे, नववीत आहे. रात्री ओट्यावर गणित भाग 2 घेऊन बसली होती. "काका, कर्ण समान असले की चौकोन आयतच ना?" म्हटलं, अगं, आताच करून आलो. तिने मागच्या उत्तरांकडे न बघता आकृती काढली: खाली लांब बाजू, वर आखूड, दोन्ही तिरक्या सारख्या. समद्विभुज समलंब. कर्ण समान, आणि आयताचा पत्ता नाही.

"पुस्तकात 'समांतरभुज चौकोनाचे' असं आहे," ती म्हणाली. मला तो शब्द उगाच घातलेला वाटत होता. मग तिने समांतरभुज चौकोन अबकड घेऊन सिद्धता लिहिली. त्रिकोण अबक आणि डकब. कर्ण समान, बक सामाईक, अब आणि डक समान, म्हणून बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप. त्यामुळे ब आणि क येथील कोन समान. समांतर रेषांमधले आंतरकोन, बेरीज 180, म्हणून प्रत्येकी 90. मी म्हटलं, पटलं. ती म्हणाली, "पण अब आणि डक समान हे कुठून आलं? समांतरभुज म्हणून. ते काढलंस तर बाबाबातला एक बा गेला."

मी गप्प. माझा 'डक' मी मोजलाच नव्हता. भिंतीच्या समोरची बाजू. बॅटरी घेऊन अंधारात जायचा कंटाळा केला, हे इथे लिहून ठेवतो.

बुधवार. गवंडी आला, फक्कीकडे बघून हसला. "काकानू, ही बाजू कोण मोजतलो?" टेप लावला: साडेअकरा फूट. दोन्ही खुंट्या तीन-तीन इंच आत, अगदी सारख्या, म्हणून तर कर्ण जुळले होते. वाकडं केलं तेही नेमकं दोन्हीकडून सारखं.

त्याने न विचारताच सांगितलं, "नऊ, बारा, कर्ण पंधरा येतलो." पुतणीने लगेच, "तीन-चार-पाचच्या काटकोन त्रिकोणाची तिप्पट!" तो म्हणाला, "तां तुमचा तुम्ही बघा, टेप धरा."

खुंट्या सरकवल्या. समोर बारा. पहिला कर्ण पंधरा, दुसराही पंधरा. "झालं!" म्हणत तिने टोक सोडलं, आणि टेप सर्रकन येऊन माझ्या अंगठ्याला लागला.