लिव्हर किती काढायचं, किती ठेवायचं

ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, लिव्हर ट्रान्सप्लांटचा सल्ला मिळालेलं कुटुंब सर्जनसमोर बसलं की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: 'आजवर किती केल्यात?' प्रश्न रास्त आहे. पण त्याच दमात आणखी एक विचारा: 'किती डोनर नाकारलेत, आणि कशामुळे?' या सर्जनचं कसब दुसऱ्या उत्तरात जास्त दिसतं, असं माझं ठाम मत आहे.

शिक्षणाचा रस्ता लांबचा आहे. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस, पुढे तीन वर्षं एमसीएच किंवा डीआरएनबी (सुपर-स्पेशालिटीचं शिक्षण), आणि मग ट्रान्सप्लांट युनिटमध्ये फेलोशिप. अमेरिकन सर्जन डॉ. थॉमस स्टार्झल यांनी 1963 मध्ये डेन्व्हरला माणसावर पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं, तो रुग्ण वाचला नाही. रुग्ण वर्षभराहून जास्त जगला ते 1967 मध्ये. भारतात पहिलं यश 1998 मध्ये दिल्लीत मिळालं.

जिवंत दात्याच्या ऑपरेशनमध्ये टेबलावर दोन माणसं असतात आणि त्यातला एक ठणठणीत असतो. म्हणून सगळा हिशेब शेवटी त्याला सांभाळूनच करायचा. समजा रुग्णाचं वजन 70 किलो. त्याच्या वजनाच्या किमान 0.8 टक्के लिव्हर त्याला मिळायला हवं, म्हणजे 560 ग्रॅम. (पोटात पाणी साठलं असेल तर ते वजा करून वजन धरायचं, नाहीतर हिशेब सुरुवातीलाच चुकतो.) आता डोनरचा सीटी. पूर्ण लिव्हर 1200 ग्रॅम, उजवा लोब (काढून द्यायचा उजवा भाग) 780. डोनरकडे उरतात 420, म्हणजे 35 टक्के. जमलं. दुसऱ्या डोनरचं लिव्हरही 1200 ग्रॅमचं, पण उजवा लोब 864. रुग्णाला भरपूर मिळेल, पण डोनरकडे 28 टक्केच उरेल. 30 टक्क्यांच्या खाली जायचं नाही, आणि बरीच युनिट्स 35 चाच आग्रह धरतात. मुलगा तयार आहे, रक्तगट जुळतोय, तरी नाही. हे घरच्यांना पटवणं ऑपरेशनइतकंच कठीण जातं.

सीटीवरचा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा थोडा जास्त येतो, कारण तेव्हा लिव्हर रक्ताने भरलेलं असतं. अगदी काठावरच्या डोनरला 'बसतंय' म्हणू नये ते त्यासाठी. चरबीचंही तसंच: फॅटी लिव्हर वजनाला भरतं, कामाला कमी पडतं. अशा डोनरला काही आठवडे वजन उतरवायला सांगून पुन्हा तपासतात, आणि त्यातले बरेच जण नंतर चालतात.

रुग्णाला लिव्हर कमी पडलं तर काय होतं? पोर्टल व्हेनमधलं (आतडी आणि प्लीहेकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) सगळं रक्त त्या छोट्या तुकड्यावर आदळतं. कावीळ उतरत नाही, पोटातलं पाणी थांबत नाही. मग प्लीहेची धमनी बांधून तो जोर कमी करावा लागतो.

आता जोडण्या. व्हेना कावाला (हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) जोडायची शीर आणि पोर्टल व्हेन त्यामानाने मोठ्या. धमनी मात्र दोन-तीन मिलिमीटरची. लूप (भिंगाचा चष्मा) किंवा मायक्रोस्कोप लावून केसाहून बारीक धाग्याने शिवतात. तिच्यात गुठळी झाली तर पित्तनलिका मरतात, कारण त्यांना रक्त जवळपास तिथूनच मिळतं. पहिल्या आठवड्यात रोज डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात ते यासाठीच. घरच्यांना वाटतं सोनोग्राफी उगाच रोज चाललीय, तसं नाही.

पित्तनलिका हा सगळ्यात त्रासाचा भाग. उजव्या लोबला कधी एकाऐवजी दोन नलिका निघतात, म्हणून एमआरसीपीवर (पित्तनलिकांचा एमआरआय) आधीच नकाशा काढतात. तरीही गळती होते, किंवा काही महिन्यांनी जोड आकसतो: खाज, ताप, रक्ततपासणीत वाढलेली अल्कलाइन फॉस्फेटेज. बहुतेक वेळा दुर्बिणीतून स्टेंट टाकून भागतं, पण दुखत नाही म्हणून घरी बसू नका.

एक गैरसमज: काढलेला लोब डोनरला 'परत उगवतो'. तो उगवत नाही; राहिलेला भाग वाढतो, तोही मुख्यतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत. तोवर जड उचलायचं नाही, पोटावरचा टाका सांभाळायचा.

कायद्यात नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. मेहुणा, चुलतभाऊ, मित्र असेल तर प्राधिकार समितीची (अवयवदानाला परवानगी देणारी समिती) मंजुरी लागते. कागदांना वेळ जातो. सुरुवात लवकर करा.

ऑपरेशननंतर टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून द्यायचं औषध, दर 12 तासांनी. त्याची रक्तातली पातळी मोजायला रक्त सकाळचा डोस घेण्याआधी द्यायचं असतं. कल्याण किंवा पनवेलहून पहाटेची लोकल धरून येणारा रुग्ण सवयीने घरीच गोळी घेऊन निघतो, पातळी फुगलेली दिसते आणि विनाकारण डोस कमी होतो. गोळी डब्यात घालून आणा, रक्त दिल्यावर घ्या. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन पातळी पाडतं, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल वाढवतं, म्हणून बाहेरच्या कुठल्याही डॉक्टरला टॅक्रोलिमस चालू असल्याचं आधी सांगा. गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारं पपनसही पातळी वाढवतं, तेव्हा प्रसादाच्या ताटातली ती फोड बाजूला ठेवा. ठाण्यातल्या तलावपाळीची पाणीपुरी आणि उघड्यावरचा उसाचा रसही नको.