आमची वाटचाल : गवळाऊच्या दुधातले एक्सोसोम

आमचं युनिट वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आहे असं सांगितलं की पुण्या-मुंबईचा माणूस पत्ता दोनदा विचारतो. आम्ही गाईच्या दुधातून एक्सोसोम, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्या, वेगळे करून प्रयोगशाळांना देतो. त्यात औषध भरायचं, वर पत्त्यासारखं फोलेट (एक ब जीवनसत्त्व) बसवून ते कॅन्सरच्या पेशीकडे धाडायचं, हे त्यांचं काम. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिल विद्यापीठातल्या रमेश गुप्तांच्या गटाने दुधातले एक्सोसोम औषध वाहून नेऊ शकतात हे दाखवलं, तो पेपर वाचून मी आणि माझा भागीदार यात पडलो. दूध गवळाऊ या इकडच्या जातीच्या गाईचं, दारातलंच. दूध घालणारे आजोबा अजून विचारतात, "भाऊ, मंग सायीचं काय करता?"

अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या प्रचंड वेगाने फिरवून एक्सोसोम तळाशी बसवणारं यंत्र, जुनं घेतलं. नळ्या धरून फिरणारा टायटॅनियमचा रोटर भागीदार तान्ह्या पोरासारखा जपतो; नळ्या जोडीने तोलल्याशिवाय झाकण लावू देत नाही. लाख जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोर, ही गंमत नाही. रोटरचं लॉगबुक न देता कोणी यंत्र विकत असेल, तर फुकटातही घेऊ नका.

मधली वर्षं बरी गेली. मग 'ते' आले. नाव घेत नाही. चकचकीत कॅटलॉग, दर आमच्या निम्म्याने, आणि मिलिलिटरमागे कण आमच्या कितीतरी पट. गिऱ्हाईक आकडा बघतं. ऑर्डरी एकामागे एक गेल्या. आता एनटीए, म्हणजे हा आकडा काढणारं यंत्र, कण मोजतं, कण कशाचा ते सांगत नाही. एक्सोसोम ३० ते १५० नॅनोमीटरचे, आणि केसीन या दुधातल्या प्रथिनाचे गोळे, म्हणजे मायसेलही साधारण ५० पासून ५०० पर्यंत. सायट्रेट किंवा ईडीटीए ही रसायनं घालून केसीनचे गोळे मोडलेच नाहीत, तर आकडा फुगणारच. मी हे फोनवर सांगायचो तर लोकांना वाटायचं, हा जळतोय. जळत होतोच.

त्यात २०२३ मध्ये अमेरिकेतली कोडियाक बायोसायन्सेस ही एक्सोसोमवर औषधं करणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली. बँकेच्या साहेबांनी ती बातमी कुठे वाचली देव जाणे, पण कर्ज वाढवून द्यायला नकार आला तो तिचाच दाखला देऊन. माल ठेवायचा उणे ८० अंशांचा फ्रीझर चालू राहावा म्हणून भागीदाराने घरच्या सोयाबीनचे पैसे वीजबिलात घातले. तेव्हा सोयाबीनला काय भाव होता, ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

नागपूरच्या एका फार्मसी कॉलेजातल्या मॅडमनी मात्र आम्हाला सोडलं नाही. त्यांनी दोन्हीकडच्या कुप्या मागवून वेस्टर्न ब्लॉट लावला, म्हणजे कोणतं प्रथिन आहे ते पट्ट्यांतून दाखवणारी चाचणी. आमच्या लेनमध्ये सीडी६३ आणि टीएसजी१०१ या एक्सोसोमची खूण असलेल्या प्रथिनांच्या स्वच्छ पट्ट्या. 'त्यांच्या' लेनमध्ये दोन्ही जागा जवळपास कोऱ्या, आणि केसीन ओळखणारी अँटिबॉडी लावली तर जाडजूड काळा पट्टा. मॅडमचा फोन आला, "भाऊ, तुमचा माल महाग नाहीच आहे. त्यांची दूध पावडर महाग आहे."

'ते' आता पार्लरवाल्यांना 'एक्सोसोम सीरम' विकतात म्हणे. मान्यता मिळालेलं एकही एक्सोसोम उत्पादन नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१९ मध्येच बजावलं होतं. पार्लरमध्ये ते कोण वाचतो?

पीएचडीच्या पोरांनो, माल कोणाकडूनही घ्या, पण ब्लॉटचा फोटो मागा, आणि कणसंख्येला प्रथिनाच्या वजनाने भागून बघा. गेलेल्यांपैकी काही गिऱ्हाइकं परत आली आहेत. दर मात्र 'त्यांच्या'वाला मागतात. तो मिळणार नाही.