रिकामा रकाना

सेमिनारला माझ्या वाट्याला विषय आला शेवंडीच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, पिल्लांची मोजणी. मुंबईचा समुद्र नागपूरहून ८०० किलोमीटर, आणि मी शेवंड पाहिली ती फक्त बाटलीत, फॉर्मॅलिनमध्ये.

पश्चिम ऑस्ट्रेलियात ही मोजणी १९६८पासून चालू आहे. तिथल्या शेवंडीची अळी ९ ते ११ महिने भर समुद्रात वाहत राहते, मग काचेसारखं आरपार पिल्लू होऊन किनाऱ्याकडे पोहत निघते. वाटेत काही खात नाही, अंगातल्या चरबीवर तगते. अमावास्येच्या सुमारास ही पिल्लं किनाऱ्याजवळ टांगलेल्या नकली शेवाळात शिरतात. पौर्णिमेच्या आसपास ते झटकून पिल्लं मोजायची. त्यावरून तीन-चार वर्षांनी पिंजऱ्यात किती माल येईल ते कळतं. २००८-०९ला पिल्लं फारच कमी आली, तर टंचाई यायच्या आधीच तिथे मासेमारीला कात्री लागली.

सर म्हणाले, "नुसतं वाचून बोलू नको. कॉलेजच्या तळ्यात झिंगे आहेत ना? कर."

इतवारीतून नायलॉनचा दोर आणला, पिळे उसवून झुपके केले, प्लास्टिकच्या पत्र्याला बांधले. आई म्हणे, "पौर्णिमा पाहून मासे मोजते? तुह्या कॉलेजात पंचांगबी शिकवते का रे?" तळ्यातल्या झिंग्यांना चंद्राचं काय, पण पद्धत म्हणजे पद्धत. पांढऱ्या ट्रेवर पत्रा धरायचा, वीसदा झटकायचा. आधी गाळ पडतो, मग गोगलगायी, चतुराच्या अळ्या, आणि शेवटी डोळ्यांचे दोन काळे ठिपके हलतात. बाकी झिंगा दिसतच नाही.

राखीला ३, त्रिपुरीला ५. मधल्या दोन पौर्णिमांना काहीच नाही, म्हणून रकाने कोरे सोडले. सरासरी ४, मी खूश.

सरांनी पेन टेकवलं. "इथे शून्य, की गेलाच नव्हतास?"

"गेलो होतो सर, शपथ."

"शपथेचा रकाना नाही यात."

मोबाइल धुंडाळला. भाद्रपदातल्या रिकाम्या ट्रेचा फोटो तारखेसकट सापडला. कोजागिरीचा नाही. त्या संध्याकाळी हॉस्टेलवर दूध आटत होतं, आणि खरं सांगायचं तर सगळे पत्रे झटकले होते का, मलाच आठवेना.

एक शून्य लिहिलं. कोजागिरीचा रकाना कोराच ठेवला. सरासरी २.७.