अकरा पस्तीस

कॉनन ओब्रायनचं ते पत्र आज पुन्हा वाचलं आणि मूडच गेला. एनबीसी या अमेरिकन चॅनेलवरच्या ‘द टुनाइट शो’चा तो तेव्हाचा विनोदी सूत्रसंचालक; चॅनेलला त्याचा रात्री अकरा पस्तीसचा कार्यक्रम बारा पाचला ढकलून ती वेळ आधीचा सूत्रसंचालक जे लेनोला द्यायची होती, त्यावरचं हे पत्र. १२ जानेवारी २०१० चं, ‘पृथ्वीवासीयांनो’ म्हणत सुरू होणारं. इतकी वर्षं वाटत होतं, माणसाने रात्रभर बसून मन मोकळं केलंय. आज पेन्सिल घेऊन ‘सोडतो’ हा शब्द शोधला. नाहीच!

आहे ते इतकंच, की या कार्यक्रमाचं वाटोळं करण्यात मी सामील होणार नाही. स्वतः उठून गेला असता तर करार त्याने मोडला असता आणि भरपाईवर पाणी. म्हणून जातही नाही आणि बारा पाचला यायलाही तयार नाही. आता काय ते एनबीसीने करावं. पुढे म्हणतो, दुसरीकडची ऑफर हातात नाही. तेव्हा बिचारा वाटला होता. आज वाटतं, करार चालू असताना दुसऱ्या चॅनेलशी बोलणी केली हा ठपकाच त्याने आधी पुसून टाकला.

अडचण एका ओळीची. बातम्यांनुसार करारात ‘द टुनाइट शो’ होता, पण अकरा पस्तीसची वेळ लिहिलेली नव्हती. कोर्टात सगळा कीस तिथेच पडला असता. मग पत्रात येतं, की साठ वर्षं हा कार्यक्रम रात्रीच्या बातम्यांना लागूनच आहे. वाचणाऱ्याला ती हळहळ वाटते. मला त्यात प्रघाताचा मुद्दा दिसतो, कागदावर राहून गेलेली वेळ मागच्या दाराने आत आणणारा. लेनोबद्दल तर... जाऊ दे.

करार वाचायची सवय लागली की साधं पत्रही साधेपणी वाचता येत नाही. सांगायचं कोणाला? लोक कॉननच्या बाजूने ‘टीम कोको’चे फलक घेऊन पावसात उभे राहिले आणि मी इथे क्रियापदं तपासतोय. पण फसवलं गेल्यासारखं का वाटावं? खोटं तर त्यात काही नाही. शेवटी, माझे केस नेहमी असेच असतात, असंही लिहून ठेवलंय. ते कुठल्याही वकिलाच्या डोक्यातून आलेलं नाही, एवढं नक्की.

एनबीसीशी शेवटी झालेली तडजोड साधारण साडेचार कोटी डॉलरची, त्यातले सव्वा कोटीच्या आसपास स्टाफला. बदल्यात सप्टेंबरपर्यंत टीव्ही बंद, एनबीसीबद्दल वाईट बोलणंही बंद. पण स्टेजचं नाव कलमात नव्हतं. एप्रिलमध्ये पठ्ठ्या दौऱ्यावर निघाला, आणि दौऱ्याचं नाव काय? टीव्हीवर विनोद करायला कायद्याने बंदी. बंदीचं कलमच तिकिटावर छापलं!