चवड्याखालची फोड

दिवे घाटात उजव्या चवड्याखाली चुरचुरलं तेव्हाच थांबायला हवं होतं. पण पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, पावसाने मोजे भिजलेले, मागून दिंडी रेटतेय आणि टाळांचा ठेका असा चढलेला की पाय आपले नव्हतेच. सासवडला मोजा काढला तर सुपारीएवढी फोड, पाण्याने टरारलेली.

जखमांमधलं मला कळतं असा माझा समज होता. बाबांच्या पायाची जखम मी चार महिने रोज बांधत होते. फोड फुटली नसेल तर फोडायची नाही, वरचं कातडं हीच तिची पट्टी, असं मी तंबूतल्या बायकांना ऐकवलंसुद्धा. आमच्यातल्या एका आजींनी सुई-दोरा काढला. फोडीतून दोरा आरपार ओवून तसाच ठेवायचा, पाणी आपसूक झिरपतं, हा त्यांचा पिढीजात इलाज. मी त्यांना दोऱ्यावरून जंतू आत कसे जातात त्याचं व्याख्यान दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सुई चिमटीत तशीच धरून. त्यांच्या स्वतःच्या पायांवर एक फोड नाही. मला त्यांचा रागच आला.

जेजुरीला भंडारा उधळला. वाल्ह्याला रात्री फोड आपली आपणच फुटली.

अंधारात मी तिच्यावर कोरडं गॉज दाबलं, चिकटपट्टी मारली आणि सकाळी चालायला लागले. नीरेपर्यंत पाऊल तिरकं टाकून टाकून गुडघाही दुखायला लागला. माउलींच्या पादुकांचं स्नान चाललं होतं, काठावर मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि मी रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून मोजा सोलत होते. लस सुकून गॉज कातड्याला घट्ट बसलं होतं. एकाने स्पिरिट पुढे केलं, कोणीतरी हळदीची पुडी. दोघांना नको म्हणून सांगताना माझा आवाज चढला. वारीत असा आवाज चढवायचा नसतो, माहीत आहे. गॉजचं टोक धरलं, डोळे मिटले, आणि कोणीतरी मनगट धरलं.

"ओढायचं नाही, ताई."

पासष्टीचे असतील. धोतर, टोपी, गळ्यात तुळशीमाळ आणि काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं ड्रेसर होते. त्यांची दिंडी रथामागची, आमची रथापुढची; स्नानाच्या गर्दीत सगळं एकमेकांत मिसळलं होतं. समोर मांडी घालून बसले आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मला ते आवडलं नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या मांडीवर चिखलाचा पाय! म्हटलं, मी करते. "केलंत की रात्री," ते गॉजकडे बघत म्हणाले.

पिण्याच्या पाण्याची बाटली उघडून त्यांनी गॉजवर हळूहळू धार सोडली. "आता धा मिनिटं काही करायचं नाही. बोला काहीतरी."

काय बोलणार? बाबांचं बोलले. त्यांची शेवटची वारी. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेली होती. तापलेल्या डांबरावरून चालताना अंगठ्याच्या बुडाशी फोड आली, फुटली, चिघळली, आणि त्यांना कळलं ते मोज्याला वास यायला लागल्यावर. मांडीच्या सांध्यात अवधाण आलं, ताप आला. अंगठा गेला. मग उरलेल्या जखमेचं ड्रेसिंग माझ्याकडे आलं. रोज सकाळी डब्याची घाई, ऑफिसची घाई. एकदा अशीच पट्टी चिकटली होती आणि मी ती ओढून काढली. आठवडाभरात आलेलं लालबुंद, दाणेदार नवं मांस पट्टीबरोबर निघालं आणि भळाभळा रक्त आलं. बाबा शांतपणे पेपर वाचत होते. त्यांना काही जाणवलंच नाही.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ड्रेसरकाका काही म्हणाले नाहीत. त्यांनी गॉजचा कोपरा उचलून पाहिला आणि आणखी पाणी ओतलं.

गॉज सुटलं तेव्हा दुखलं नाही. खाली कच्चं, ओलं, गुलाबी. स्पिरिट आणलेला अजून उभाच होता. त्याच्याकडे न बघता काका म्हणाले, स्पिरिट धडधाकट कातड्याला. उघड्या मांसावर टाकलं तर जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. नुसत्या पाण्याने धुतलं. फाटलेलं कातडं कापतील असं वाटलं, तर त्यांनी ते बोटाने अलगद पसरून जागेवर बसवलं. वर पॅराफिन लावलेलं जाळीदार गॉज, जे चिकटत नाही, मग साधं गॉज, मग पट्टी. मी म्हटलं, रात्री उघडं ठेवून हवा लागू देऊ का? म्हणताक्षणी लाज वाटली. ओलसर झाकलेली जखम लवकर भरते हे मला पाठ होतं. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर पातळ प्लास्टिक बसवून पाहिलं, तेव्हा नवं कातडं जवळजवळ दुप्पट वेगाने आलं होतं. खपलीखालून पेशींना वाट काढत जावं लागतं, ओलाव्यावरून त्या सरकतात. बाबांच्या वेळी हे सगळं वाचलं होतं. स्वतःच्या पायाला तोंडात आलं ते "हवा लागू दे".

"मलमानं जखम भरत नाही, ताई. भार काढला की भरते." शेजारी एक माउली वारकऱ्यांच्या चपला शिवून देत होते, त्यांच्याकडून काकांनी स्पंजाचा तुकडा मागून आणला, मधोमध भोक पाडलं आणि ते कडं जखमेभोवती बसवलं. वजन कड्यावर, जखम पोकळीत. शेवटी त्यांनी माझ्या पावलावर डोकं टेकवलं. मी दचकून पाय ओढला, तर खेकसले, "अहो, कडं सरकंल!"

जाताना बजावलं: धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घ्या (माझ्या आधीच्याला सात वर्षं झाली होती), पट्टी भिजली तरच बदला, आणि सारखं उघडून बघू नका. लाली पसरली, पू आला, ताप आला तर वारी राहू द्या.

लोणंदला पडून राहिले. पुढे तरडगावपर्यंत ट्रकमध्ये, तंबूच्या खांबांवर बसून. चांदोबाच्या लिंबाचं रिंगण त्यामुळे चुकलं. एवढ्या लांबून येऊन पहिलंच रिंगण चुकवायचं म्हणजे काय? ट्रकमध्ये मी त्या पायाला, काकांना आणि थोडं विठ्ठलालाही बोल लावले. बाबा ट्रकमध्ये बसले नव्हते. त्यांना बसायचं कारणच कळलं नव्हतं.

फलटण, बरड, नातेपुते. कुठे काय झालं ते आता सांगता येणार नाही. उघडून बघायची खाज मात्र आठवते. जखमेपेक्षा तीच जास्त. नातेपुत्याला पट्टी बदलताना भोवतीचं कातडं पांढरं, सुरकुतलेलं दिसलं आणि पोटात गोळा आला. पावसाने पट्टी भिजूनही मी ती दोन टप्पे तशीच ठेवली होती. ओलसर आणि लदबदलेलं यातला फरक मला शिकवायला आजी आल्या. कडा कोरड्या टिपून, नवी पट्टी बांधून झाल्यावर म्हणाल्या, "दोरा घातला असतास तर एवढं झालं नसतं." या वेळी मी व्याख्यान दिलं नाही.

काकांना रथामागच्या दिंड्यांत दोनदा शोधलं. टोपी, धोतर, तुळशीमाळ. हजारो.

वेळापूरला खाली पातळ, चकचकीत, फिकट गुलाबी कातडं आलं होतं. बोट लावलं तर गुदगुल्या झाल्या. भंडीशेगावहून घरी फोन केला. पालखी कुठवर आली, पाऊस आहे का, बाबांनी यातलं काही विचारलं नाही.

"लस कसली येते? पाण्यासारखी का घट्ट?"

"आता येतच नाही."

"वास?"

"नाही, बाबा."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पट्टी ओढून नको काढूस. पाणी टाक आधी."