छातीवरची पाल

"ही पाल कशाला शिवलीय रे छातीवर?" फुटपाथवर घासाघीस करून आणलेला माझा नवा टी-शर्ट भिजत घालताना आईनं विचारलं होतं. मगर आहे ती, मी म्हटलं. आईला काही पटलं नाही. दुसऱ्याच धुण्यात मगरीचा जबडा उसवला.

मूळ मगर एका टेनिसपटूची, हे फार उशिरा कळलं. पॅरिसचा रेने लाकोस्त. १९२३ साली बॉस्टनला डेव्हिस कपच्या वेळी संघाच्या कप्तानानं पैज लावली: सामना जिंकलास तर मगरीच्या कातड्याची बॅग. पठ्ठ्या हरला. बॅग गेली, पण 'मगर' हे नाव चिकटलं. पुढे एका मित्रानं मगरीचं चित्र काढून दिलं, ते यानं कोटावर भरतकामात मिरवलं.

खेळ मात्र अगदी अभ्यासू पोराचा. प्रतिस्पर्ध्यांच्या लकबी, कच्चे दुवे सगळं वहीत टिपून ठेवायचा. सरावाला चेंडू फेकणारं यंत्रही स्वतःच खटपट करून बनवलं. बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, ठाण मांडायचं आणि आलेला चेंडू परत धाडायचा, समोरचा चुकेपर्यंत. १९२७ ची अमेरिकन फायनल अमेरिकेच्याच बिल टिल्डनशी, म्हणजे तोफखान्याशीच. निकाल ११-९, ६-३, ११-९. सरळ तीन सेट म्हणे! नुसते आकडे वाचूनच मला धाप लागते.

विम्बल्डन दोनदा, फ्रेंच तीनदा, अमेरिकन दोनदा. बक्षिसाची रक्कम शून्य, कारण जमाना हौशी खेळाडूंचा. चषक घ्या आणि घरी जा. वडील मोटार कंपनीत बडे अधिकारी, म्हणून ही हौस परवडली असावी. पुढे तब्येत साथ देईना आणि १९२९ नंतर मोठं टेनिस जवळजवळ संपलंच.

बाकीचे लांब बाह्यांचे कडक शर्ट घालून घामाघूम होत, तेव्हा यानं अर्ध्या बाह्यांचा, मऊ कॉलरचा, जाळीदार विणीचा सुती शर्ट चढवला होता. १९३३ मध्ये आंद्रे जिलिए या होजिअरीवाल्याला जोडीला घेऊन तोच, छातीवर मगर लावून, विकायला काढला. सात विजेतेपदांनी जे दिलं नाही ते मगरीनं दिलं. सुसरबाई तुझी पाठ मऊ!

माझा तो टी-शर्ट हल्ली स्कूटर पुसायला असतो. मगर केव्हाच गळून पडली, पण तिच्या जागेचं कापड अजून गडद हिरवं आहे. चार पाय, एक शेपूट. आई म्हणते ते खरं, पालच दिसते.