शेव काकाचं नाक आणि दोन ओळींचं एनओसी

शेव काका माझा आहे, मी काढलेलं व्यंगचित्रातलं पात्र. २०१७ ते २०२३ दर शनिवारी इंदूरच्या एका हिंदी पेपरात तीन चौकटींत यायचा, हातात कागदाचा पुडा, पोह्यांवर शेव, उसळीवर शेव, एकदा तर डॉक्टरच्या गोळीवर पण शेव. जोक मराठीत सुचायचा, लिहायचा हिंदीत, आपल्या इंदूरकरांची जुनीच कसरत. मग डेस्क बदललं, काका बंद झाला, मी फार मनावर घेतलं नाही. (घेतलं होतं, पण सांगणार कोणाला.)

मागच्या वर्षी राजवाड्याजवळ सकाळी पोहे खात उभी होते, शेजारच्याच्या हातात पेपर, आणि त्यात शेव काका! नाव तेच, पुडा तोच, नाक मात्र बटाटा. माझ्या काकाचं नाक कपाळापासून एका रेघेत उतरतं, पेन न उचलता, ती रेघ जमायला मला दोन वर्षं लागली होती. जिलबी तशीच टाकून घरी आले.

घरी येऊन वाचत बसले तर हा धंदा जुनाच निघाला. १८९६ मध्ये न्यूयॉर्कचा व्यंगचित्रकार आउटकॉल्ट पुलित्झरचा पेपर सोडून हर्स्टच्या पेपरात गेला, तर जुन्या पेपरनं दुसरा चित्रकार बसवून त्याचं पात्र 'यलो किड' चालूच ठेवलं, एका शहरात दोन पेपर आणि दोन किड. सुपरमॅन तयार करणाऱ्या दोन पोरांनी तर १९३८ मध्ये १३० डॉलरला सगळे हक्क लिहून दिले. हे वाचून बरं वाटायला हवं होतं, उलट आणखी डोकं फिरलं.

तर काकाच्या कॉपीराइटची नोंदणी करायची ठरवलं. कॉपीराइट चित्र काढलं की आपोआप लागतोच, नोंदणीची सक्ती नाही, पण उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर सर्टिफिकेट हा प्रथमदर्शनी पुरावा धरतात. आमचे एक काका (हाडामांसाचे) म्हणाले, पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाठव, फोडू नको, झालं काम. नाही होत. त्यानं कसली नोंदणी होत नाही, नुसतं पोस्टाचं भलं होतं.

कॉपीराइट ऑफिसचा ऑनलाइन फॉर्म १४ एका रविवारी भरून झाला, काही अवघड नाही, चित्रासाठी ५०० रुपये. अडकले ती एका कागदावर. काम आधी छापलेलं असेल आणि छापणारा वेगळा असेल तर त्याचं एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, जोडायचं. म्हणजे ज्यांनी बटाटा छापला त्यांच्याकडूनच.

इथून पुढचे चार महिने मी त्या ऑफिसच्या रिसेप्शनला काढले असं म्हणलं तरी चालेल. गेटवर रजिस्टर. नाव, मोबाइल, किससे मिलना है. फीचर डेस्कवर कोणी जुनं उरलेलं नाही, एक मुलगा म्हणाला "मैडम ये तो एचआर का है". एचआर म्हणाले तुम्ही एम्प्लॉयी नाही, मग आमचं कसं, लीगलला मेल करा. लीगल दुसऱ्या शहरात. मेलला उत्तर नाही, फोन केला तर "लोकल यूनिट से फॉरवर्ड करवाइए". लोकल यूनिट म्हणजे परत तेच गेट, तेच रजिस्टर, तोच वॉचमन, तो आता मला "आ गईं दीदी?" म्हणायला लागला होता. बँकेतून हाफ डे टाकून जायचं आणि तिथल्या सोफ्यावर त्यांचाच पेपर वाचत बसायचं, आणि शनिवार असेल तर त्यात बटाटा! एकदा तर रागानं मी त्याचं नाक पेननं दुरुस्त करून पेपर तिथेच ठेवून आले.

तिसऱ्या महिन्यात एक ड्राफ्ट आला. खूश होऊन उघडला तर लिहिलेलं, 'सदर पात्राचे सर्व हक्क संस्थेकडे असून संस्थेची हरकत नाही'. मी सही केली असती हो, इतकी कंटाळले होते. नवरा म्हणाला आधी नीट वाच. असल्या कागदावर सही करू नका, कितीही थकला असाल तरी. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, कॉपीराइट कायद्याचं कलम १९, आणि मी सहा वर्षांत हक्क देणाऱ्या एका ओळीवर सही केली नव्हती, ती नेमकी आता करून बसले असते.

कलम १७ पण वाचून काढा. नोकरीतल्या व्यंगचित्रकाराचं काम पेपरात, मासिकात छापायचे हक्क मालकाकडे जातात, वेगळा करार नसेल तर, पण बाकीचे हक्क तेव्हासुद्धा चित्रकाराकडेच राहतात. मी तर नोकरीत पण नव्हते. पण हे सिद्ध कसं करणार?

तर व्हाउचर. दर महिन्याला अकाउंट्समधून मिळायचं, वर 'व्यंग्यचित्र मानदेय', म्हणजे मानधन, पगार नाही, खाली माझी सही. माझ्याकडे जेमतेम सात सापडली, पाच आईच्या पाककृतींच्या वहीत आणि दोन गॅसच्या पुस्तकात. अकाउंट्समध्ये एक रिटायरमेंटला टेकलेले काका होते, आपलेच, मराठी. मी मराठीत बोलायला लागल्यावर चष्मा वर करून म्हणाले, "तुम्ही होय त्या? आमच्या हिनं कात्रणं ठेवलीत तुमची." चहा पाजला आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये स्वतः घेऊन गेले. मी व्हाउचर टेबलावर मांडली, म्हणलं पगार दाखवा, अपॉइंटमेंट लेटर दाखवा. दहा मिनिटांत लेटरहेडवर दोन ओळी. चार महिने, आणि दोन ओळी! त्यात पण हिंदीतल्या 'सेव काका'चं 'सेवा काका' केलं होतं, परत टाइप करून घेतलं. स्पेलिंग तिथेच उभं राहून तपासा, गेटबाहेर पडलात की संपलं.

बाकी मग सरळ. डायरी नंबर (अर्जाचा नंबर), कोणाची हरकत आहे का यासाठी ३० दिवस थांबायचं, मग तपासणी, शेवटी सर्टिफिकेट. प्रिंट काढून देवाजवळ ठेवलं, सासूबाईंनी कुंकू पण लावलं.

हां, एक राहिलं. चित्र चहाचे मग, टीशर्ट असल्या विकायच्या मालावर वापरायचं असेल तर फी ५०० नाही, २०००, आणि ट्रेडमार्कवाल्यांचं सर्च सर्टिफिकेट (तसलं चिन्ह आधीच दुसऱ्या कोणाचं नाही याचं) पण लागतं. आणि नुसत्या 'शेव काका' या नावाला कॉपीराइट नाही, चित्राला आहे, नावासाठी ट्रेडमार्क वेगळा. आणि हे मला फार उशिरा सुचलं, काकाचं समोरून-बाजूनं-मागून काढलेलं शीट मी कधी छापायला दिलंच नव्हतं, ते अप्रकाशित म्हणून आधीच टाकलं असतं तर त्याला एनओसीची भानगडच नव्हती. सुचलं तेव्हा मी हसले नाही.

बटाटा बंद झालाय. तो काढणाऱ्या मुलाचा मेसेज आला होता, दीदी मुझे तो बोला था बना दो. त्याची काय चूक. मी त्याला नाकाची रेघ कशी येते ते पाठवलं.

व्हाउचरच्या झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका. माझं एक मूळ त्या केबिनमध्येच राहिलंय, आणायचं म्हणजे परत रजिस्टर.